हाक आणि मोल



ह्या व्यासपीठावरून विद्वान मंडळींनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आजवरची रीत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते बाजार समितीच्या आवारात, हमालांच्या टोळीत आणि रात्री नगरवाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे हमाल-तोलाईदारांच्या युनियनचे काम करीत आलो आहोत. युनियनच्या माणसाला 'मी' म्हणण्याची सवय राहत नाही. म्हणून आज घरची गोष्ट सांगतानाही आम्ही 'आम्ही'च म्हणणार आहोत. त्यात आमचे कुटुंब आले, आणि ज्यांच्या घरी अशी मुले आहेत ते सारे आईबापही आले.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही मजुरीवर बोलू असे त्यांना वाटले असावे. आम्ही मजुरीवर बोलणारच आहोत, पण जरा लांबच्या वाटेने. आमचा धाकटा मुलगा २००२ साली जन्मला. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. लोक त्याला कशी हाक मारतात, त्या हाकेवरून त्याचे मोल कसे ठरते, आणि आईबापांनी त्याला काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय.

प्रथम हे काय आहे ते साध्या शब्दांत सांगतो. माणसाच्या शरीरातील पेशींत सर्वसाधारणपणे गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीच्या जागी दोनाऐवजी तीन गुणसूत्रे येतात, आणि बेरीज ४७ होते. फ्रान्समधील जेरोम लेजून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ ह्यांनी १९५९ साली हा शोध प्रसिद्ध केला. साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे असे एक मूल असते. म्हणजे आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. ती दिसत नाहीत, ह्याचे कारण आपण पुढे पाहूच. ह्या मुलांचे स्नायू सैल असतात, म्हणून चालणे-बोलणे उशिरा येते. पुष्कळांना कमी ऐकू येते, म्हणून उच्चार अस्पष्ट राहतात. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. शिकणे सावकाश होते. पण होते, आणि मोठेपणीही चालू राहते.

आता पहिला घाव कोठून येतो ते ऐका. बाळ पाहायला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी बाळंतिणीला विचारले, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?" दुसऱ्या बाईंनी गेल्या जन्मीचे काही काढले. तिसऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "देवाने नेले तर सुटाल." ह्यांतले कोणी दुष्ट नव्हते. तिघांनीही पुढे आमच्या अडीअडचणीला मदत केली आहे. परंतु आठ दिवसांच्या बाळंतिणीला असे विचारणे म्हणजे तिच्यावर चोरीचा आळ घेण्यासारखे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

त्याचे उत्तर शास्त्राने केव्हाच दिलेले आहे. ते जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच्या विभागणीत येते, काही थोड्या वेळा पुरुषबीजातून येते. म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीच गोष्ट घडून गेलेली असते. पुढे ग्रहण लागो वा न लागो, बाईने विळी हातात धरो वा न धरो, त्याने काही बदलत नाही. आईचे वय वाढते तसा संभव वाढतो हे खरे. पण तरुण आयांनाही अशी मुले होतात. हा कोणाच्या पापाचा हिशेब नव्हे. आम्ही घरात ही गोष्ट इतक्या वेळा समजावून सांगितली आहे की आता आमची थोरली मुलगी पाहुण्यांना चहाबरोबरच ती सांगून टाकते.

दुसरा घाव नावाचा. त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. जॉन लँगडन डाऊन नावाचे इंग्लंडमधील डॉक्टर अर्ल्सवुड येथील आश्रमाचे प्रमुख होते. १८६६ साली त्यांनी ह्या मुलांचे वर्णन प्रथम नीट लिहून काढले. परंतु त्या काळी युरोपात माणसांची वंशवार प्रतवारी लावण्याची खोड होती. मुलांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून डाऊनसाहेबांनी त्यांना 'मंगोल' म्हटले. डाऊनसाहेब स्वतः निर्दय नव्हते. पुढे १८६८ साली त्यांनी नॉर्मन्सफील्ड येथे संस्था काढली आणि अशा मुलांना मायेने शिकवले. योगायोग असा की १९०५ साली त्यांच्याच कुळात, त्यांच्या मुलाच्या पोटी, असा नातू जन्माला आला. पण मायेचे काम मागे राहिले आणि शब्द तेवढा जगभर गेला. एकाच शब्दाने दोघांचा अपमान झाला, त्या मुलांचा आणि एका संबंध राष्ट्राचा. १९६१ साली काही जनुकशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात लिहून हा शब्द सोडून देण्याची सूचना केली. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तीच विनंती केली. तरीसुद्धा २००२ साली आमच्या मुलाच्या केसपेपरवर तोच शब्द लिहिलेला होता. शब्द मागे घेणे सोपे, लोकांच्या जिभेवरून उतरवणे अवघड.

कोणी म्हणेल, शब्दाचे एवढे काय? पोट तर शब्दांनी भरत नाही. बंधूंनो, आम्ही हमालांत वाढलो. आमचा अनुभव असा की पोट शब्दांनी भरत नसले तरी शब्दांनी कापले जाते. जो व्यापारी 'ए हमाल' म्हणून पुकारतो, तो हमाली हातावर टेकवतो आणि वर विचारतो, 'आणखी काय पाहिजे?' जो नावाने हाक मारतो, तो पट्टी काढून हिशेब करतो. आधी माणसाचे नाव काढून घ्यायचे, मग त्याचा दर पाडायचा, हा क्रम आम्ही जन्मभर पाहिला आहे. युनियनने पहिली लढाई दराची केली असे लोक समजतात. खरे तर पहिली लढाई हाकेची होती.

ह्या मुलांच्या बाबतीत हा क्रम जिवावर गेला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील नाझी सरकारने फर्मान काढले की अमुक अमुक दोष असलेल्या लहान मुलांची नोंद डॉक्टरांनी आणि सुइणींनी सरकारात करावी. त्या यादीत डाऊन सिंड्रोमची मुले होती. नोंद झालेली हजारो मुले मारली गेली. हे युद्धातले शत्रू नव्हते, त्यांच्याच शेजारपाजारची लेकरे होती. हुकूमशाहीत असे व्हायचेच, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. १९८२ साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन गावी, डाऊन सिंड्रोमचे एक मूल जन्मले. त्याची अन्ननलिका जुळलेली नव्हती. शस्त्रक्रियेने ती जोडता येण्यासारखी होती. पण मूल असे आहे म्हणून शस्त्रक्रिया करू दिली नाही, आणि सहा दिवसांनी ते मेले. त्यावर देशभर वाद झाला आणि १९८४ साली तेथे अशा बालकांच्या संरक्षणासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तेथे तोफ नव्हती, छावणी नव्हती. ह्याच्या जिवाचे मोल कमी आहे, एवढा समज मात्र होता.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास ह्या मुलांचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षे होते. आज ते साठीच्या आसपास आहे. जादा गुणसूत्र होते तसेच आहे. बदलले ते एवढेच की हृदयाची शस्त्रक्रिया होऊ लागली, मुलांना कोंडून ठेवणे कमी झाले, त्यांना शाळा मिळाली. ज्याला आपण मुलाची कमतरता म्हणत होतो, तिच्यातली पुष्कळशी आपल्या वागणुकीची कमतरता होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे कोणी मुलाचा जीव घेत नाही. येथे तीन प्रकार आहेत: टिंगल, कीव आणि डोक्यावरून बोलणे.

टिंगलीची एकच हकीकत सांगतो. २०१७ च्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत चार पोरांनी आमच्या मुलाला पुढे घेतले. त्याला नाचायला आवडते. त्याला काळा चष्मा घातला, गुलाल फासला, भोवती रिंगण केले आणि मोबाइलवर चित्रण केले. त्याला एक वेडेवाकडे गाणे जोडून ते गावभर पाठवले. तिसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानातल्या पोराने ते आमच्या मुलालाच दाखवले. लोकांचा समज असा की ह्यांना काही कळत नाही. त्याने ते शेवटपर्यंत पाहिले, साखरेची पिशवी फळीवर ठेवली आणि तो घरी आला. पुढच्या वर्षी मिरवणुकीचे ढोल ऐकू आले तेव्हा तो मागच्या खोलीत जाऊन बसला.

त्या वेळी आमच्या हमाल बांधवांनी विचारले, "पोरांना समज द्यायची का?" कोणत्या प्रकारची समज ते आपण ओळखलेच असेल. आम्ही नको म्हटले. आम्ही उभयता मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे गेलो. बोलल्या त्या मुलाच्या आईच. त्या म्हणाल्या, "त्याला नाच आवडतो, तो नाचला ह्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही रिंगण केलंत आणि रिंगणातला एकही जण नाचत नव्हता." पोरे खाली पाहू लागली. आमच्या मागण्या तीन होत्या: चित्रण काढून टाकावे, माफी मागायची ती आमची नव्हे, त्याची मागावी, आणि पुढे त्याला मिरवणुकीत काही काम द्यावे. चौघांपैकी दोघे घरी आले आणि त्याच्याशी बोलले. चित्रण त्यांच्या मोबाइलवरून गेले, इतरांच्या मोबाइलवरून गेले नाही. २०१९ च्या मिरवणुकीत मात्र तो दोर धरून चालला, आणि शेवटच्या चौकात सगळ्यांबरोबर नाचला.

हसण्याला आमचा विरोध नाही. आमचा मुलगा स्वतः थट्टेखोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटासंबंधीच्या निकालात हाच भेद सांगितला आहे: अपंगत्वाची समजूत वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा. निकाल मोठा आहे. त्या माऊलीने तो सात वर्षे आधी एका वाक्यात सांगितला होता.

कीव हा दुसरा प्रकार. टिंगलीपेक्षा तो सभ्य, म्हणून त्याला उत्तर देणे जास्त कठीण. देवळाच्या पायरीवर एका बाईंनी आमच्या मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. तो म्हणाला, "मी कामावर जातो," आणि पैसे परत दिले. बाईंना राग आला. देणाऱ्याचा हात मागे वळला की त्याला राग येतो. उलट बाजूची कीवही असते. कोणी म्हणते, "पाहा, अशी मुले पदके मिळवतात!" पुण्याच्या गौरी गाडगीळ ह्या डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू, २०१४ साली त्यांच्या जीवनावर 'यलो' नावाचा मराठी चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतः काम केले. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. पण पदक ही मानाने जगण्याची फी असू नये. आपल्यापैकी किती जणांना पदके मिळाली आहेत? तरी आपल्याला लोक 'अहो' म्हणतातच ना?

तिसरा प्रकार डोक्यावरून बोलण्याचा. शिंपी त्याचे माप घेतो आणि आम्हांला विचारतो, "ह्याला कोणता रंग आवडतो?" आम्ही सांगतो, "त्यालाच विचारा." विचारल्यावर तो लगेच उत्तर देत नाही. शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो. मनात दहा आकडे मोजावेत, तोवर उत्तर येते. दहा आकडे मोजण्याइतकी सवड ह्या गावात कोणाला नाही, असे आम्ही मानायला तयार नाही. चहाच्या टपरीवर आपण तास तास काढतो.

आता मजुरीची गोष्ट. गावातल्या एका लहान कारखान्यात हळदपुडीची पाकिटे भरतात. तेथे पाकिटांवर लेबल लावण्याचे काम बाया नगावर करतात. आमचा मुलगा ते काम शिकला. त्याचे लेबल सरळ बसते. वेळ लागतो एवढेच. दिवसभरात बायांच्या निम्मे काम होते. मालक भला माणूस. तो म्हणाला, "बसू द्या त्याला इथे. चहा मिळेल, वेळ जाईल." आम्ही म्हटले, "चहाचे राहू द्या, दर सांगा." विचार करून तो म्हणाला, "अर्धे काम होते, तर अर्धा दर देऊ." वरवर पाहता हे न्यायाचे वाटते. आम्ही कागद मागितला आणि हिशेब मांडला. शेकड्याचा दर सर्वांना एकच ठेवला, तर निम्मे काम करणाऱ्याला आपोआप निम्मी मजुरी मिळते. त्यावर दरही निम्मा केला, तर हातात येते चौथाई. म्हणजे मुलाची कमतरता एकदा कामात मोजली आणि पुन्हा एकदा त्याच्या चेहऱ्यावरून मोजली. मालकाने कागद दोनदा पाहिला आणि म्हणाला, "हे माझ्या लक्षात आले नव्हते."

इतक्यात लेबल लावणाऱ्या बायांपैकी एक जण उठून उभी राहिली. ती म्हणाली, "दर त्याला कमी केलात, तर उद्या माझी नजर कमी झाल्यावर मलाही कराल." बंधूंनो, तीस वर्षांत आम्ही ज्या सभा घेतल्या, त्या सगळ्यांचे सार त्या बाईने सांगितले. जो सर्वांत दुबळा, त्याचा दर पडला की सर्वांचा पडतो. ज्याला नावाने हाक मारत नाहीत असा एक माणूस गावात असेल, तर उद्या म्हातारपणी, आजारपणात, डोके थकल्यावर आपलीही पाळी आहे. आमच्या मुलाचा मान हे आमच्या घरचे काम नव्हे. तो ह्या गावाचा किमान दर आहे.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे दिव्यांग माणसाला लोकांसमक्ष, पाणउतारा करण्याच्या हेतूने अपमानित केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. ३१ व्या कलमाने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागांमध्ये बौद्धिक दिव्यांगांचाही वाटा आहे. कायदा हवाच. पण माथाडी कायदा १९६९ साली झाला, आणि हमालाच्या पदरात तो पडला तो जेथे हमाल एकत्र उभे राहिले तेथेच. कायदा हा हातातला आकडा आहे. पोते उचलायला पाठी लागतात.

म्हणून युनियनच्या रिवाजाप्रमाणे आम्ही मागणीपत्र सादर करून थांबणार आहोत. पहिली मागणी: आमच्या मुलांना नावाने हाक मारा, मोठी झाली असतील तर 'अहो' म्हणा. दुसरी: त्यांच्याविषयी आम्हांला विचारू नका, त्यांना विचारा आणि उत्तराला वेळ द्या. तिसरी: त्यांना हसवा, त्यांच्याबरोबर हसा, पण विचारल्याशिवाय त्यांचे चित्रण करू नका, आणि दुसऱ्याने केलेले आले तर पुढे पाठवू नका. चौथी: काम दिले तर दर एकच द्या. पाचवी: बाळंतिणीला दोष देऊ नका, बाळ पाहायला जाल तेव्हा इतर बाळांना पाहता तसेच पाहा, टोपडे-झबले घेऊन जा.

सहावी मागणी थोडी निराळी आहे. लोक आम्हांला हळूच विचारतात, "तुमच्यामागे ह्याचे कसे?" पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण अशी मुले आईबापांच्या आधीच जात. आता ती आमच्यामागे राहणार. ही आनंदाची गोष्ट आहे आणि काळजीचीही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीला पालक नेमता येतो. तो कागद करता येईल. थोरली बहीण आहे, ती पाहील. पण पालक चोवीस तास बरोबर नसतो. सकाळी कारखान्यात जाताना, वाण्याकडे साखर आणताना, एस.टी.त चढताना तो एकटाच असेल आणि समोर तुम्ही असाल. तेव्हा हा प्रश्न आम्ही तुम्हांलाच परत करतो. आमच्यामागे त्याचे कसे, ह्याचे उत्तर आमच्याजवळ नाही; ते ह्या सभेत बसलेल्या लोकांजवळ आहे.